नाशिक ते आझाद मैदान: आवाज पोहोचला, दावा कुठे अडला?

6 मार्च 2018 या दिवशी देशभरच्या वृत्तवाहिन्यांवर त्रिपुरातल्या बेलोनियात आदल्या दिवशी पाडलेला लेनिनचा पुतळा पुन्हा पुन्हा दाखवला जात होता. चर्चा एकच होती, लाल झेंडा संपला का? त्याच दिवशी नाशिकच्या सीबीएस चौकातून लाल टोप्या घातलेले आणि लाल झेंडे घेतलेले हजारो शेतकरी मुंबईकडे पायी निघाले. अंतर सुमारे 180 किलोमीटर. त्या दिवशी आणि त्यानंतरचे काही दिवस राष्ट्रीय वाहिन्यांच्या लेखी हे लोक जवळजवळ नव्हतेच.

सहा दिवसांनी याच लोकांसमोर राज्याचे मंत्री लेखी पत्र घेऊन उभे होते. सामान्य माणसाने ठरवलं तर सरकार ऐकतं, याचं उदाहरण म्हणून किसान लाँग मार्च अजूनही सांगितला जातो. उदाहरण खरं आहे, पण ते 12 मार्चच्या रात्री संपवलं जातं, आणि माझ्या मते या प्रकरणाचा खरा अभ्यास त्या रात्रीनंतर सुरू होतो. चालणाऱ्यांचा आवाज मुंबईत पोहोचला, याबद्दल शंका नाही. पण त्यांचं काम मुंबईत व्हायचंच नव्हतं. ते कळवण, दिंडोरी, डहाणूच्या प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, व्हायचं होतं. तिथे त्यांचं म्हणणं कोण ऐकतं, हा प्रश्न कॅमेऱ्यांनी तेव्हाही विचारला नाही आणि नंतरही क्वचितच विचारला.

मागणी नेमकी कशाची होती

मोर्चाच्या मागण्या बऱ्याच होत्या. कर्जमाफीतून सुटलेल्यांना न्याय, स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशींप्रमाणे भाव, बोंडअळी आणि गारपिटीची भरपाई, निराधार आणि वृद्धांच्या पेन्शनमध्ये वाढ, रेशन, आणि नार-पार, दमणगंगा या नद्यांचं पाणी गुजरातला न देता इथेच अडवावं. वाहिन्यांनी यातला 'कर्जमाफी' हा शब्द उचलला, कारण आदल्याच वर्षी पुणतांब्याच्या शेतकरी संपामुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. पण चालणाऱ्यांत मोठा भाग सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी आणि ठाणे-पालघरमधल्या आदिवासींचा होता. त्यांना बँकेने कधी मोठं कर्ज दिलेलंच नव्हतं, कारण त्यांच्या नावावर जमीनच नाही. ते ज्या तुकड्यावर नागली, वरई, भात पिकवतात, तो सरकारी कागदावर वनखात्याचा आहे. तिकडे या तुकड्याला 'प्लॉट' म्हणतात. प्लॉट नावावर व्हावा, हीच त्यांची पहिली मागणी होती.

त्यासाठी नवा कायदा नको होता, 2006 चा वनहक्क कायदा होताच. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासी कुटुंब जमीन कसत असेल तर प्रत्यक्ष कसणुकीखालच्या क्षेत्रावर, जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत, त्याचा हक्क मान्य करावा, असं हा कायदा सांगतो. दावा आधी गावाच्या वनहक्क समितीकडे आणि ग्रामसभेपुढे येतो, तिथून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पुरावा म्हणून सरकारी कागदाबरोबर गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब, जुनी बांधबंदिस्ती, विहीर, दफनभूमी अशा गोष्टीही चालतात. कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. ज्याला शंभर वर्षं अतिक्रमणदार ठरवलं, त्याच्याकडे कागद मागणं म्हणजे त्याला पुन्हा हाकलणं. म्हणून त्यांनी गावाच्या तोंडी साक्षीला कायद्यात जागा दिली.

माणसाच्या बोलण्याला कायदेशीर वजन देणारे असे कायदे आपल्याकडे फार थोडे आहेत. व्यवहारात मात्र ग्रामसभेने मंजूर केलेला दावा वरच्या टेबलावर 'पुरावा अपुरा' म्हणून परत यायचा. कधी पाच-सहा एकर कसणाऱ्याला काही गुंठ्यांचं प्रमाणपत्र मिळायचं. कधी सातबाऱ्यावर नाव मालक म्हणून न लागता इतर हक्कात लागायचं आणि क्षेत्रापुढे 'पोटखराबा' लिहिलेलं असायचं. लागवडीलायक जमीन नाही म्हटल्यावर पीककर्ज नाही, विमा नाही, विहिरीची योजना नाही. ग्रामसभा एक बोलते आणि समिती दुसरं लिहिते. मोर्चाच्या मुळाशी हीच तक्रार होती, आणि दोन ओळींच्या बातमीत ती कधीच मावत नाही.

चालण्याआधी काय काय करून झालं होतं

लोक उठले आणि रस्त्यावर आले, असं समजणं अन्यायाचं होईल. मार्च 2016 मध्ये याच सीबीएस चौकात अखिल भारतीय किसान सभेच्या झेंड्याखाली प्रचंड महामुक्काम झाला होता आणि आश्वासनं मिळाली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाडा इथे तेव्हाच्या आदिवासी विकास मंत्र्यांच्या घराला हजारोंचा वेढा पडला, तेव्हाही आश्वासनं मिळाली. त्याही मागे जायचं तर ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी 1945 नंतरच्या दोन वर्षांत शामराव आणि गोदावरी परुळेकरांबरोबर वेठबिगारी मोडून काढली होती. या पट्ट्यात संघटनेची सवय जुनी आहे. 2018 च्या मोर्चातली शिस्त आकाशातून पडली नव्हती.

मग निवडून दिलेले प्रतिनिधी काय करत होते? महाराष्ट्र विधानसभेच्या 288 जागांपैकी 25 अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, लोकसभेच्या 48 पैकी 4. शिवाय आदिवासी क्षेत्रांसाठीच्या घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे राज्यात जनजाती सल्लागार परिषद असते आणि तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य आदिवासी आमदार असतात. म्हणजे आदिवासींचा आवाज सरकारपर्यंत जावा म्हणून घटनेने खास दरवाजा ठेवलेला आहे. तरी लोकांना चालत यावं लागलं. मोर्चाचे एक नेते जे. पी. गावित तेव्हा कळवणचे आमदार होते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सभागृहातले एकमेव. सभागृहात एकट्याचा आवाज किती जातो हे त्यांना नीट माहीत असणार, म्हणूनच ते किसान सभेच्या डॉ. अशोक ढवळे, डॉ. अजित नवले, किसन गुजर यांच्याबरोबर रस्त्यावर चालत होते. राखीव जागेवरून निवडून आलेला आमदारही अखेर पक्षाच्या व्हिपला बांधलेला असतो. मतदारसंघातल्या दाव्यांचं काय झालं, हे विचारल्याने त्याला तिकीट मिळत नाही आणि न विचारल्याने ते कापलंही जात नाही. हे कडू आहे, पण मला यात अतिशयोक्ती वाटत नाही.

सहा दिवस आणि कॅमेरे

दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर चालणं, उघड्यावर झोपणं, गावागावांतून गोळा केलेला तांदूळ, डाळ आणि सरपण पिकअपमधून बरोबर नेणं, रस्त्याकडेला चुली मांडणं. बायका मोठ्या संख्येने होत्या, साठी-सत्तरी ओलांडलेल्याही होत्या. घोटी, इगतपुरी मागे पडली आणि मोर्चा कसारा घाटात उतरला. घाटाच्या वळणांवरून जाणाऱ्या लाल रांगेची छायाचित्रं मोबाईलवरून फिरू लागली, आणि वर्तमानपत्रांच्या आधी लोकांनीच ती एकमेकांना पाठवली. नाशिक आणि ठाण्याच्या मराठी बातमीदारांनी पहिल्या दिवसापासून बातम्या दिल्या होत्या, ग्रामीण पत्रकारितेला वाहिलेल्या 'पारी'चे वार्ताहरही बरोबर चालत होते. मोठ्या वाहिन्या मात्र मोर्चा मुंबईच्या वेशीवर आल्यावर आल्या.

या सहा दिवसांतली एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. 9 मार्चला विधिमंडळात राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला. शेतीसाठी काय दिलं यावर संध्याकाळी सगळीकडे तज्ज्ञांच्या चर्चा रंगल्या. ज्यांच्यासाठी तरतुदी केल्या ते त्या वेळी शहापूरच्या आसपास महामार्गावरून चालत होते. त्यांतल्या कुणालाही स्टुडिओत बोलावून 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारणं कठीण नव्हतं, दोन तासांचा तर रस्ता.

11 मार्चला, रविवारी, मोर्चा मुलुंडमार्गे शीवजवळच्या सोमय्या मैदानावर आला. तोवर संख्या चाळीस-पन्नास हजारांच्या घरात गेली होती. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी मोर्चा शहरातून गेला तर मुलं अडकतील, म्हणून दिवसभर चालून आलेल्या लोकांनी विश्रांती सोडली आणि मध्यरात्रीनंतर उठून आझाद मैदान गाठलं. मुंबईने या एका निर्णयाला मनापासून दाद दिली. रस्त्यात लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन उभे राहिले. फुटलेल्या टाचांची, सोललेल्या तळव्यांची छायाचित्रं दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आली.

त्या छायाचित्रांचा परिणाम मी कमी लेखत नाही, सरकारवर दबाव आला त्यात त्यांचा वाटा होता. पण एक गोष्ट मला तेव्हापासून बोचते. लोकांच्या पायांना जागा मिळाली तेवढी त्यांच्या म्हणण्याला मिळाली नाही. किती जणांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या दाव्याबद्दल सांगितलं, कुठल्या समितीने तो कधी फेटाळला, कारण काय दिलं? सहानुभूती मिळवायला त्यांना रक्ताळलेले पाय दाखवावे लागले. रात्रीत चालून विद्यार्थ्यांची काळजी घेतली म्हणून ते 'चांगले आंदोलक' ठरले. दिवसा चालले असते तर त्यांची मागणी तितकीच खरी राहिली असती, पण शहराने ती ऐकली असती का, याची मला खात्री नाही.

दुसरीकडे उत्तर-मध्य मुंबईच्या तेव्हाच्या खासदारांनी या मोर्चाच्या संदर्भात शहरी माओवादाचा उल्लेख केला. आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं की मोर्चातले नव्वद-पंचाण्णव टक्के लोक गरीब आदिवासी आहेत, भूमिहीन आहेत, वनजमिनीच्या हक्कासाठी लढत आहेत आणि सरकार त्यांच्या मागण्यांबाबत सकारात्मक आहे. हे बोलणं सहानुभूतीचं होतं. तरीही संपूर्ण पेच त्यातच दिसतो, कारण सातबारा नाही म्हणून ते भूमिहीन, आणि भूमिहीन म्हणून ते शेतकरी नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरलेला माणूस सभागृहाच्या नोंदीतही शेतकरी म्हणून उभा राहू शकला नाही.

पत्र मिळालं, पुढे काय

12 मार्चला विधान भवनात मुख्यमंत्री, मंत्र्यांचा गट आणि शिष्टमंडळ यांची बैठक झाली. बहुतेक मागण्या मान्य झाल्या आणि सरकारने लेखी पत्र दिलं. वनहक्काचे प्रलंबित दावे सहा महिन्यांत निकाली काढायचे आणि फेटाळलेले पुन्हा तपासायचे, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. महसूलमंत्री चंद्रकांत पाटील यांनी आझाद मैदानावर येऊन मागण्या मान्य झाल्याचं जाहीर केलं. रात्री लोकांना परत नेण्यासाठी मुंबईहून भुसावळकडे खास गाड्या सोडल्या. गाड्या सुटल्या आणि कॅमेरेही निघून गेले.

सहा महिन्यांची मुदत सप्टेंबर 2018 मध्ये संपली. त्या दिवशी किती दावे निकाली निघाले याचा हिशेब मागणारी मोठी बातमी मला आठवत नाही. पुढच्या वर्षी 20 फेब्रुवारीला शेतकरी पुन्हा नाशिकहून निघाले. या वेळी तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन दुसऱ्याच दिवशी नाशिकजवळ त्यांना भेटले, लेखी आश्वासन दिलं आणि मोर्चा थांबला. सरकार एक धडा शिकलं होतं. मोर्चा मुंबईत येऊ द्यायचा नाही, कारण मुंबईत आला तर दिसतो.

त्याच आठवड्यात आणखी मोठं संकट आलं. 13 फेब्रुवारी 2019 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं होतं की ज्यांचे वनहक्क दावे अंतिमतः फेटाळले आहेत त्यांना जमिनीवरून हटवा. ज्या फेटाळण्यांविरुद्ध लोक वर्षभर ओरडत होते, त्याच फेटाळण्या आता बेदखलीचं कारण ठरणार होत्या. देशभर आवाज उठला आणि 28 फेब्रुवारीला न्यायालयाने स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. न ऐकता फेटाळलेला एक कागद माणसाला कुठपर्यंत नेऊ शकतो, हे त्या पंधरा दिवसांत दिसलं.

मे 2020 मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून अधिसूचना काढली. अनुसूचित क्षेत्रात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांच्या पातळीवरच्या समितीकडे अपील करण्याची सोय झाली. तोवर जिल्हा समितीचा निर्णय अंतिम असायचा. ही सोय मोर्चांच्या सततच्या रेट्याशिवाय झाली असती असं मला वाटत नाही. बातम्यांमध्ये मात्र तिला फारशी जागा मिळाली नाही. टाळेबंदीचे दिवस होते, हेही खरं.

मार्च 2023 मध्ये तिसरा मोर्चा दिंडोरीहून निघाला. कांद्याचे भाव कोसळले होते, त्यामुळे कांदा पुढे आणि वनजमीन त्याच्या मागे होती. प्लॉटच्या सातबाऱ्यावरचा पोटखराबा काढून संपूर्ण क्षेत्र लागवडीलायक लिहा, ही मागणी पुन्हा यादीत होती. पाच वर्षांनीही तीच. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी बोलणी झाली, विधानसभेत निवेदन झालं, वनहक्काचा प्रश्न पाहण्यासाठी समिती नेमली आणि तिच्यात गावित आणि डहाणूचे आमदार विनोद निकोले यांना घेतलं. पण या वेळी लोक आश्वासन ऐकून घरी गेले नाहीत. मान्य झालेल्या गोष्टींचे आदेश खालच्या कार्यालयांपर्यंत पोहोचेपर्यंत हलणार नाही, असं म्हणत ते ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदला मैदानात बसून राहिले. तिथल्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यूही झाला. 18 मार्चला मोर्चा मागे घेतला गेला.

या तीन मोर्चांतला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा क्षण वाशिंदचा आहे. 2018 मध्ये मंत्र्याने पत्र दिलं की जिंकलो, असं वाटत होतं. 2023 मध्ये लोकांना कळलं होतं की मंत्र्याची सही आणि तहसीलदाराची कृती यांत मोठी दरी आहे आणि आपला आवाज त्या दरीतच पडतो. त्यांची राजकीय समज पाच वर्षांत कितीतरी पुढे गेली होती. माध्यमांनी मात्र वाशिंदच्या मुक्कामाला 'मोर्चा रेंगाळला' इतकीच किंमत दिली.

जाळीवरचे आमदार

या प्रकरणाला एक जोडकथा आहे. जानेवारी 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकल्यावर मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. मंत्रालयात आत्महत्येचे आणखी प्रयत्न झाल्यावर सरकारने इमारतीच्या आतल्या मोकळ्या चौकात जाळी बसवली. लोक का उडी मारतात याचा शोध घेण्यापेक्षा जाळी लवकर बसते.

4 ऑक्टोबर 2024 रोजी त्या जाळीवर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि आणखी काही आदिवासी आमदारांनी उड्या मारल्या. पेसा क्षेत्रातली, म्हणजे ग्रामसभांना खास अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातली, नोकरभरती व्हावी आणि अनुसूचित जमातीच्या आरक्षणात धनगर समाजाला घेऊ नये, हे त्यांचे मुद्दे होते. झिरवाळ दिंडोरीचे, सत्ताधारी आघाडीतले. त्यांच्या मुद्द्यांवर मतभेद असू शकतात. पण सभागृह चालवणारी, सत्तेत असलेली व्यक्ती आपलं म्हणणं ऐकलं जावं म्हणून जाळीवर उडी घेते, तेव्हा सुरगाण्याच्या प्लॉटधारकाने कुठला दरवाजा ठोठवायचा? वाहिन्यांनी ते दृश्य दिवसभर दाखवलं, आणि पेसा भरती नेमकी कुठे अडली आहे हे त्यामानाने फार थोडं सांगितलं.

आवाज कुठे मोजायचा

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण इथे दिलं जातं. अभ्यासगट, सर्वांच्या सहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर मिळालेला सामूहिक हक्क, हे काम मोठंच आहे. पण 'तुम्ही पण मेंढ्यासारखे व्हा' असं सुरगाण्याच्या लोकांना सांगणं मला पटत नाही. त्यांच्या ग्रामसभांनी त्यांचं काम केलं होतं. दावे वरती अडले.

म्हणून वरच्या टेबलाकडेच बघायला हवं. उपविभागीय समितीत प्रांत, वनाधिकारी, आदिवासी विकासचे अधिकारी यांच्या जोडीला तीन लोकप्रतिनिधी असावेत, जिल्हा समितीतही तीन, असं कायद्याच्या नियमांत आहे. साहेबांच्या समोर गावाची बाजू मांडायला निवडून आलेली माणसं असावीत, एवढाच त्याचा हेतू. 2022 पासून नाशिकसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या मुदती संपल्या आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. प्रशासक आले. त्या काळात या समित्यांमध्ये लोकांकडून कोण बसलं, कुणी दावे तपासले, कुणाच्या सहीने फेटाळले? निवडणुका लांबल्याच्या बातम्या भरपूर झाल्या, त्या सगळ्या कोणत्या पक्षाला फायदा होईल याच्या. वनहक्काच्या फाइलवर त्याचा काय परिणाम झाला, हे शोधायला कुणी गेलं का?

वनहक्क कायद्याच्या नियम 12 अ प्रमाणे दावा फेटाळला किंवा क्षेत्र कमी केलं तर त्याचं कारण नोंदवावं लागतं, निर्णय दावेदाराला समक्ष कळवावा लागतो आणि तिथून त्याला अपिलासाठी 60 दिवस मिळतात. कळवलंच नाही, तर 60 दिवस सुरू कधी झाले? ज्या बातमीदाराला सुरगाणा, पेठ किंवा जव्हारमध्ये बसून सामान्य माणसाच्या आवाजाची बातमी करायची आहे, त्याला पुढच्या मोर्चाची वाट पाहायची गरज नाही. प्रांत कार्यालयात जाऊन मागच्या पाच वर्षांतल्या उपविभागीय समितीच्या बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागावी, हजेरीच्या सह्या पाहाव्यात आणि फेटाळलेल्या दाव्यांच्या पोहोच पावत्यांवर दावेदाराचा अंगठा आहे की नाही ते तपासावं.